बेलिफ काका, माझ्या पोरीचा प्रश्न लिहून घेतला त्याबद्दल

काका, नमस्कार. तुम्ही फेसबुकवर नाही, व्हॉट्सॲपही उघडत नाही, त्यामुळे हे कोणीतरी वाचून दाखवेल तेव्हाच तुमच्यापर्यंत पोचणार. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "बस, चहा घे, कापसाचा भाव काय म्हणते" करून विषयच बदलता, म्हणून इथे लिहितो. आणि खरं म्हणजे गावाबाहेरच्यांनीही वाचावं म्हणून लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमचं गाव वरोरा-चिमूर पट्ट्यातलं, कापूस-सोयाबीनचं. काका कोर्टात बेलिफ होते, सारी नोकरी समन्स आणि नोटिसा घेऊन गावोगाव फिरण्यात गेली. रिटायर होऊन गावात आले आणि रविवारी संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर आठवी ते बारावीचे पोट्टे-पोट्ट्या गोळा करायला लागले. कशासाठी, तर सरकार कसं चालते ते शिकवायला. फी नाही, बॅनर नाही, फोटो नाही. आम्हाला वाटलं म्हातारा सरपंचकीला उभा राहते की काय.

हे काम खरं तर ज्यांचं होतं त्यांनी कधी केलंच नाही. आठवीच्या पुस्तकात संसद, कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था सगळं आहे, पण शाळेत काय झालं तर "तीन अंगं लिहून घ्या, पाठ करा, पुढचा धडा". ट्यूशनवाल्याचं म्हणणं की नागरिकशास्त्र स्कोरिंग नाही, शेवटच्या आठवड्यात गाईडमधून करू. 26 नोव्हेंबरला प्रास्ताविका वाचायची, केळी वाटायची, फोटो स्टेटसला ठेवायचा, झाला संविधान दिन. आणि माझ्या पोरीने एकदा हिंमत करून प्रश्न विचारला तर सर म्हणाले, "तुला तहसीलदारीण व्हायचं आहे का? आधी गणितात पास हो." वर्ग हसला. त्यानंतर ती शाळेत प्रश्न विचारतच नव्हती, हे मला किती उशिरा समजलं, तेही तिच्या आईकडून.

काका, तुमची सुरुवातच वेगळी होती. मी त्या दिवशी पानठेल्यावर उभा होतो, सगळं ऐकू येत होतं. तुम्ही विचारलं, रस्ता कोण बांधते? पोट्टे एका सुरात, आमदार! मग तुम्ही म्हणाले, आमदाराला घमेलं उचलताना पाहिलं का कोणी? आमदाराचं मुख्य काम विधानसभेत बसून कायदा करणं, बजेट पास करणं आणि मंत्र्याला जाब विचारणं. आपल्या फंडातून तो काम सुचवते, पण टेंडर काढणं, बिल देणं हे अधिकाऱ्यांचं. आणि कामात घोळ झाला, कोणी दाद मागितली, तर न्याय कोर्टाने करायचा. ठेल्यावरचे चार-पाच मोठे माणसं पण गप झाले, कारण आम्हालाही हे असं कोणी सांगितलं नव्हतं. आमच्यासाठी सगळंच "सरकार", आणि नागपूरचं हिवाळी अधिवेशन म्हणजे मोर्चे आणि रस्ते बंद. ते तिथे भरते ते 1953 च्या नागपूर करारामुळे, हे मला या वयात कळलं.

मग तो पोरींच्या कायद्याचा रविवार. तुम्ही तीन रांगा केल्या, एक विधानसभा, एक अधिकारी, एक कोर्ट. विधानसभेत पोट्टे जास्त, पोरी कमी, अन् त्यांनी पहिलाच कायदा काय पास करावा, तर संध्याकाळी सहानंतर पोरींनी ग्राउंडवर यायचं नाही! टाळ्या, शिट्ट्या. अधिकाऱ्यांच्या रांगेने लगेच गेटवर माणूस नेमला. तुम्ही काहीच बोलले नाही, म्हणे रागवले पण नाही, फक्त विचारलं की कोणाला कोर्टात जायचं आहे का. माझी पोरगी उठली. कोर्टात तिघं होते, दोन पोट्टे आणि एक पोट्टी, आणि तिघांनीही कायदा रद्द केला. गल्ला झाला, "बहुमत होतं ना!" मग तुम्ही कलम 15 वाचलं, लिंगावरून भेदभाव करता येत नाही, आणि कलम 13, मूलभूत हक्काच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता टिकत नाही. पुढे 1973 चा केशवानंद भारतीचा निकाल सांगितला, की संसदेला घटना बदलता येते पण तिची मूळ चौकट मोडता येत नाही, आणि तो निकाल 13 न्यायाधीशांत 7 विरुद्ध 6 असा लागला. बारावीतला एक पोरगा घरी येऊन बापाला म्हणे, "एका मताने वाचलं हो बाबा!" रात्री जेवताना ही चर्चा, आमच्या गावात, काय सांगू.

झुडपी जंगलाचा विषय काढला तेव्हा तर आम्ही मोठेच ओट्यावर येऊन बसलो, कारण पूर्व विदर्भात ज्याच्या त्याच्या गावाला तो विषय लागून आहे. जिथे बोरी-बाभळीची झुडपं अन् ढोरं चरतात त्या जागेची नोंद महसूलच्या कागदात झुडपी जंगल अशी, हे झालं कार्यकारी मंडळ. 1980 मध्ये संसदेने कायदा केला की वनाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी पाहिजे. मग सुप्रीम कोर्ट, 12 डिसेंबर 1996 ला म्हणालं की कागदावर वन म्हणून नोंद असलेली जागाही वनच, आणि मे 2025 मध्ये आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना झुडपीही वनातच धरायचं असं सांगितलं, मात्र 96 च्या त्या तारखेआधी वाटलेल्या जागांसाठी राज्याने केंद्राकडे मंजुरी मागावी असा रस्ताही दिला. एका बाभळीच्या तुकड्यावर तिन्ही अंगं! निकाल चांगला की वाईट यावर आम्ही मोठे भांडलो, पोट्टे मात्र कोणी काय केलं ते बरोबर सांगत होते.

पण हे पत्र त्यासाठी नाही. हे पत्र त्या एका प्रश्नासाठी आहे.

आमच्या वहिवाटीच्या रस्त्याची केस तहसीलमध्ये होती, मी तारखेला जायचो, घरी येऊन चिडचिड करायचो, पोरगी ऐकायची. तोच प्रश्न तिने शाळेत विचारला होता अन् हसं झालं होतं. तुमच्या ओट्यावर तिने परत विचारला, खाली मान घालून, की तहसीलदार साहेब अधिकारी आहेत तर मग ते केस कशी चालवतात, ते कोणत्या रांगेत बसतील? पोट्टे हसायच्या तयारीतच होते. तुम्ही हात वर केला, खिशातून ती लाल डायरी काढली, चष्मा लावला आणि प्रश्न लिहायला लागले. तिचं पूर्ण नाव, वर्ग, तारीख, मग प्रश्न. लिहून झाल्यावर तिला मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, "बरोबर लिहिलं का, बाई?" ती म्हणाली, एक शब्द सुटला. तुम्ही तो शब्द घातला, परत वाचला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, याचं पक्कं उत्तर आज माझ्याजवळ नाही, पुढच्या रविवारी.

काका, कोर्टात साक्षीदाराचं बयान लिहून घेतात तसं माझ्या पोरीचं म्हणणं लिहून घेतलं तुम्ही. तिला बाई म्हणालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ती घरी आली तेव्हा चालच वेगळी होती.

आणि पुढच्या रविवारी तुम्ही खरंच झेरॉक्स घेऊन आले. 1906 चा मामलतदार कोर्ट कायदा, त्यात तहसीलदाराला अडवलेल्या रस्त्याच्या केसेस ऐकायचा अधिकार. आणि शेजारी घटनेचं कलम 50, न्यायपालिका कार्यकारी मंडळापासून वेगळी करावी म्हणून. म्हणजे घटनेने दिशा सांगितली, तरी थोडा न्याय अजून अधिकाऱ्याच्या टेबलावर राहिलाच आहे, असं तुम्ही समजावलं. कोणी ज्ञान पाजळलं असतं, तुम्ही मात्र आधी डायरीतला प्रश्न वाचला आणि कोणी विचारला तिचं नाव घेतलं.

मोठे डिग्रीवाले लोक आम्ही लय पाहिले, ऑफिसात "उद्या या" म्हणणारे, पोरांना "गप बस" म्हणणारे. समोरच्याचं म्हणणं नीट ऐकून "बरोबर लिहिलं का" विचारायला काय लागते हो? पेन तर सगळ्यांच्याच खिशात असते. आता 26 जानेवारीच्या ग्रामसभेत या पोट्ट्यांना मत नाही, अठरा झाले नाहीत, पण ते मागे उभे राहून मागच्या सभेचं इतिवृत्त वाचा म्हणाले आणि सचिवाला रजिस्टर शोधायला जावं लागलं. मला त्यांचं हसू आलं अन् अभिमानही वाटला.

तूर निघाली की डाळ करून आणतो, नको म्हणू नका, ती फी नाही. आणि एक इशारा देऊन ठेवतो, पोरीने नवीन प्रश्न काढला आहे: विधानसभेने पास केलेल्या विधेयकावर सही राज्यपालाची, सरकारचा कारभार पण राज्यपालाच्याच नावाने, मग त्यांना विधानसभेच्या रांगेत बसवायचं की अधिकाऱ्यांच्या? मी उत्तर द्यायला गेलो तर म्हणाली, "बाबा, तुम्ही राहू द्या, मी काकांना लिहून देईन." तेव्हा रविवारी डायरी विसरू नका.