बाबा, हा चेक परत घ्या

पुणे,
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं, पण हा विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून लिहितोय. अपघातातल्या गाडीच्या दाव्याचे विमा कंपनीचे १,४७,००० रुपये मंगळवारी माझ्या खात्यात जमा झाले. सोबत बाबांनी गाडीच्या खर्चासाठी एफडी मोडून पाठवलेला दीड लाखाचा चेक आहे. तो मी बँकेत टाकलाच नव्हता, ऑक्टोबरपासून माझ्या कपाटात आहे. आता त्याची तीन महिन्यांची मुदतही उलटली. मोडलेली एफडी पुन्हा करा.

तुम्ही दोघं हे पैसे विसरून गेला होतात, मला माहीत आहे. बाबांनी तर दाव्याचं नाव काढणंही सोडलं होतं. कुंभार्ली घाटात त्या दिवशी धुकं होतं, म्हैस आडवी आली, तुम्ही गाडी डावीकडे घेतली आणि ती कठड्यावर गेली. समोर माणूस असता तरी तुम्ही तेच केलं असतं. पण तेव्हापासून तुम्ही किल्लीला हात लावलेला नाही. आईचं मांडीचं हाड मोडलं ते आपल्यामुळे, आणि गाडीचे पैसे बुडाले तेही आपल्यामुळे, असं तुम्ही मनाशी धरून बसलाय. यातली पैशांची गोष्ट तरी आज पुसून टाकतो.

कंपनीने ५ सप्टेंबरच्या पत्रात दावा नाकारला तो तुमच्या गाडी चालवण्यावरून नाहीच. तुमचं लायसन्स चालू होतं, आणि पॉलिसी माझ्या नावावर असली तरी लायसन्स असलेला कोणीही ती गाडी चालवू शकतो. नकाराचं कारण एवढंच होतं की अपघात ११ ऑगस्टचा आणि सूचना २० ऑगस्टची. नऊ दिवसांचा उशीर. तो उशीर माझा होता बाबा, तुमचा नव्हे. कंपनीला कळवायचं काम पॉलिसीधारकाचं.

आणि त्या नऊ दिवसांत मी कुठे होतो ते तुम्ही पाहिलंय. १४ तारखेला आईचं ऑपरेशन झालं. नर्सने आत नेण्याआधी आईच्या हिरव्या बांगड्या काढल्या, रुमालात बांधून तुमच्या हातात दिल्या आणि तुम्ही ती पुरचुंडी शर्टाच्या खिशात ठेवलीत. चार तास बाकड्यावर बसून सारखा खिसा चाचपत होतात. मला त्या वेळी टोल-फ्री नंबर आठवला नाही याची मला लाज वाटत नाही.

नकाराचं पत्र आल्यावर सगळ्यांनी वकील गाठायला सांगितलं. तुम्हीही सांगितलंत. मी एका वकिलांना भेटलो, माणूस चांगला होता, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण दाव्याची रक्कम आणि त्यांची फी शेजारी शेजारी मांडली तेव्हा वाटलं, आधी स्वतः लिहून बघू. लिहायला बसलो आणि तुमची सवय हाताशी आली. तहसील कचेरीत तुम्ही तीस वर्षं अर्ज वाचलेत. विषय एका ओळीत, संदर्भात पत्राची तारीख, मग घटना तारीखवार, शेवटी नेमकी मागणी, आणि रडगाणं कुठेही नाही. "पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडू नये" हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलोय.

पहिला अर्ज ९ सप्टेंबरला कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला केला. त्याआधी एक काम केलं, ते फार उपयोगी पडलं. सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीने नेमलेल्या माणसाच्या, अहवालाची प्रत लेखी मागितली. ती पॉलिसीधारकाला मागता येते, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. ते सर्व्हेअर आठवतात का? कराडच्या गॅरेजमध्ये पाठीवर झोपून बॅटरीच्या उजेडात गाडीचा तळ बघत होते, प्रत्येक भागापुढे 'बदल' किंवा 'दुरुस्ती' लिहीत होते. त्यांनी अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की नुकसान सांगितलेल्या अपघाताशी जुळतं. म्हणजे कंपनीनेच नेमलेल्या माणसाने अपघात खरा धरला होता. पोलिसांकडची नोंद ११ तारखेचीच होती. गाडी घाटातून थेट गॅरेजच्या आवारात आली आणि सर्व्हेअर येईपर्यंत तिला कोणी हात लावला नव्हता, तसं गॅरेजवाल्यांनी लिहून दिलं. दवाखान्याचे कागद तर बाबांच्या निळ्या फाइलमध्ये तारखेनुसार लावलेलेच होते.

मग विमा नियामकाचं परिपत्रक सापडलं, २० सप्टेंबर २०११ चं. त्यात कंपन्यांना सांगितलंय की केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नका; वेळेत कळवूनही जो दावा नाकारला गेला असता तोच नाकारा. हे वाचलं त्या रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली. अर्जात मी एकच प्रश्न विचारला: नऊ दिवसांच्या उशिराने आपल्या चौकशीत नेमका कोणता अडथळा आला?

२७ सप्टेंबरला उत्तर आलं: निर्णय कायम. त्या प्रश्नाचा उल्लेखसुद्धा नव्हता. दोन दिवसांनी मात्र कंपनीकडून एका गृहस्थांचा फोन आला की पंच्याहत्तर टक्क्यांवर मिटवू, व्हाउचरवर 'पूर्ण व अंतिम' म्हणून सही करा. म्हणजे १,१०,२५० रुपये. खरं सांगतो, मी डगमगलो. गॅरेजचं बिल मी उसनवारी करून भरलं होतं. पण त्या सहीनंतर पुढे काही मागणं अवघड झालं असतं, आणि तो पाव हिस्सा त्यांनी कशाबद्दल कापला असता? आईच्या उशाशी बसल्याबद्दल. मी नको म्हटलं. त्याच आठवड्यात तुमचा चेक आला, त्यामुळे तर सही करणं अशक्यच झालं.

७ ऑक्टोबरला विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, तक्रार केली. पुण्यातलं कार्यालय नारायण पेठेत आहे, केळकर रस्त्यावर. तुमच्या ओळखीत कोणाचं असं अडलं असेल तर त्यांना हे जरूर सांगा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. तिने नकार दिला, महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर वर्षाच्या आत इथे जाता येतं. फी शून्य. ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. आणि इथे वकील चालतच नाही, कंपनीलाही नाही, तिने आपला अधिकारी पाठवायचा. लोकपालांनी दिलेला निवाडा कंपनीला बंधनकारक असतो, आपल्याला नसतो. विरोधात गेला तरी ग्राहक आयोगाचं दार उघडं राहतं. फक्त तिथे आधीच केस चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. म्हणून क्रम चुकवायचा नाही.

सुनावणी १८ डिसेंबरला मोबाइलवरच झाली. मी ऑफिसातून रजा घेतली होती, टेबलावर कागद मांडून ठेवले होते. मला विचारलं, नऊ दिवस का लागले? मी तारखा सांगितल्या: ११ ला अपघात, चिपळूणहून कराडला हलवलं, १४ ला ऑपरेशन, १९ ला घरी, २० ला सूचना. बांगड्यांचं काही बोललो नाही, पण डोळ्यासमोर तेच होतं. कंपनीच्या अधिकाऱ्याने पॉलिसीतली अट वाचून दाखवली. मग त्यांना माझाच प्रश्न विचारला गेला: उशिरामुळे तुमच्या चौकशीत काय अडलं? त्यांनी तीच अट पुन्हा वाचली. सगळं मिळून वीस मिनिटं. ३ जानेवारीचा निवाडा हातात आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. उशिराचं कारण समाधानकारक आहे, दावा मंजूर करावा.

बाबा, तुम्ही विचारणार की बिल २,०४,००० चं, मग १,४७,००० च का? हा कमीपणा नाही, हा हिशेब बरोबर आहे. गाडी चार वर्षांवर जुनी आणि घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची कपात, माफ करणारं जादा कवच मी या वर्षी घेतलं नव्हतं. प्लास्टिक-रबरचे भाग ३८,००० चे, त्यांचा निम्मा घसारा कापला जातो. पत्र्याचे भाग ९२,००० चे, या वयाच्या गाडीला त्यावर ३५ टक्के. काच १४,००० आणि मजुरी ३६,०००, ही दोन्ही पूर्ण मिळाली. रंगाच्या २४,००० मधला पाव भाग रंगसाहित्याचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे ३,०००. शिवाय दाव्यात मालकाने सोसायची सक्तीची १,००० ची वजावट आणि मोडक्या भागांच्या भंगाराचे १,८००. तुम्ही पेन्सिल घेऊन बेरीज कराल, म्हणून सगळे आकडे दिलेत. उरलेले ५७,००० माझे, आणि ते मला जड नाहीत.

आई, तू मागे म्हणालीस की माझ्या दुखण्यापायी पोराचं नुकसान झालं. असं पुन्हा म्हणू नकोस. तुझ्या दवाखान्याचे कागद होते म्हणून हा दावा उभा राहिला. डिस्चार्ज कार्डाची प्रत मी अर्जाला पहिलीच जोडली होती.

शनिवारी, १५ तारखेला, सकाळी दहापर्यंत पोचतो. गाडी घेऊन येतोय. अकराला आईची फिजिओथेरपी आहे ना? बाबा, दवाखान्यापर्यंत गाडी तुम्ही चालवा. मी शेजारी बसतो, आई मागे पाय लांब करून बसेल. रस्ता सरळ आहे आणि त्या वेळी गर्दी नसते. नाहीच जमलं तर बसस्टँडपाशी थांबा, तिथून मी घेतो.

निवाड्याची छायाप्रत सोबत जोडली आहे. निळ्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

तुमचा,
सचिन