माहीम येथील सुशी उपाहारगृहाच्या घसरलेल्या दर्जाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीच्या माहीम येथील सुशी उपाहारगृहात आमचे कुटुंब ते सुरू झाल्यापासून येत आहे. घराजवळ, परवडणाऱ्या दरात चांगले जपानी जेवण मिळते याचे आम्हाला अप्रूप होते, आणि म्हणूनच गेल्या शनिवारी रात्री आमच्या पुढ्यात जे आले त्याबद्दल आपल्याला लिहिणे मला आवश्यक वाटते.

माझी मुख्य तक्रार भाताविषयी आहे. सुशीचा भात आखूड दाण्याच्या तांदळाचा असतो. तो गरम असतानाच त्यात तांदळाचे व्हिनेगर, साखर आणि मीठ हलक्या हाताने मिसळतात आणि अंगाच्या उबेइतका कोमट असताना वाढतात. आम्हाला मिळालेल्या निगिरीचा, म्हणजे भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवलेल्या सुशीचा, भात मात्र गारढोण होता, शिते आतून कडक होती आणि व्हिनेगरची आंबूस चव कोठेही लागली नाही. शिजलेला भात फ्रिजमध्ये ठेवला की त्यातील स्टार्च पुन्हा घट्ट होऊन दाणा असा कडक होतो. रात्रीचा भात आमच्याही घरी उरतो, पण तो सकाळी फोडणीला जातो, पाहुण्यांना ताजा म्हणून वाढला जात नाही. वेटरच्या हे लक्षात आणून दिले तेव्हा ‘सुशी थंडच असते’ असे उत्तर मिळाले. मासा थंड ठेवावा लागतो हे खरे, पण तो नियम भाताला लावणे चूक आहे, आणि पूर्वी काउंटरमागे उभे राहून मागणीप्रमाणे सुशी वळणाऱ्या आपल्या शेफनी असे उत्तर खपवून घेतले नसते. आता तो काउंटर रिकामा असतो.

सुशीवरील सामन माशाच्या कडा सुकल्या होत्या. कच्चा खायचा मासा परजीवी मरावेत म्हणून आधी गोठवलेला असावा लागतो, उदाहरणार्थ उणे २० अंशांवर ७ दिवस. आपला मासा तसा गोठवलेला होता का, हे तेथे कोणालाच सांगता आले नाही. मेन्यूत ‘खेकडा’ असे छापलेल्या रोलमध्ये माशाच्या लगद्याची सुरिमी कांडी निघाली. माहीमच्या गिऱ्हाइकाला खेकड्याची चव ओळखता येते, आणि ज्यांना विशिष्ट माशांची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी ही बाब गंभीर ठरू शकते.

बिलात सेवा शुल्क न विचारता जोडले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तसे करता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली आहेत.

सेवा शुल्काची आणि त्या रोलची रक्कम परत करावी, मेन्यूत सुरिमीचा स्पष्ट उल्लेख करावा आणि भात दर पाळीला ताजा शिजवला जाईल असे मला लेखी कळवावे, ही विनंती. १५ दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
माहीम येथील एक ग्राहक