मॅडम, तुम्ही आधी आम्हाला वर्गात बसवलंत

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

प्रशिक्षण संपलं त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तुमचे आभार मानले होतेच. पण ते आभार तुम्ही छान शिकवलंत म्हणून होते. तुम्ही शिकवलेलं वर्गात उतरायला पुढे बराच काळ लागला, आणि ते उतरताना बघून जे वाटलं ते सांगायचं राहून गेलं होतं. हे पत्र त्यासाठी. ते सर्वांसमोर लिहिते आहे, कारण मुलांना डिजिटल नागरिकत्व, म्हणजे ऑनलाइन जगात सुरक्षितपणे आणि जबाबदारीने वागणं, शिकवू पाहणाऱ्या इतर शिक्षकांपर्यंतही तुमचं काम पोचावं असं मला मनापासून वाटतं.

हा विषय आमच्यापर्यंत यायचा तो 'नका'ची यादी होऊन. पासवर्ड सांगू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, फोटो टाकू नका. मुलं माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात आणि तिथेच ते संपतं. तुम्ही यादी दिलीच नाहीत. आम्हाला आमचेच फोन बाहेर काढायला लावलेत आणि कुठल्या ॲपला आपलं ठिकाण, मायक्रोफोन, संपर्कयादी बघायची परवानगी दिलेली आहे ते शोधायला सांगितलंत. "टॉर्चच्या ॲपला माझ्या ओळखीच्या लोकांचे नंबर कशाला हवेत?" असं एका सरांनी विचारलं, आणि तिथून पुढे चर्चा थांबेना. हाच तास मी वर्गात जसाच्या तसा घेतला. मुलांनीही तोच प्रश्न विचारला, फक्त ॲप वेगळं होतं.

मग तुम्ही दोन संकेतस्थळं समोर ठेवलीत. एक अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं, म्हणजे १९३० पासून चालत आलेल्या बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेचं. दुसरं अमेरिकन कॉलेज ऑफ पेडियाट्रिशियन्सचं. हा २००२ मध्ये निघालेला, ठरावीक मतं मांडणारा छोटा गट आहे. दिसायला दोन्ही सारखीच भारदस्त. कुणावर विश्वास ठेवाल, असं विचारून तुम्ही बाजूला झालात. आम्ही मांडणी बघितली, 'आमच्याविषयी' वाचलं, पान खालपर्यंत नेलं. नंतर तुम्ही सांगितलंत की स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी हेच काम १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना दिलं होतं. २०१७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. भलेभले अभ्यासक पान वाचत बसले. तथ्य-तपासनिसांनी मात्र ते जवळजवळ लगेच सोडलं आणि नव्या टॅबमध्ये त्या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं. नव्या माणसाची चौकशी आपण त्याच्याचकडे करत नाही, शेजारीपाजारी करतो, तसंच हे, असं तुम्ही म्हणालात. आमच्या वर्गात या रीतीला आता 'शेजारी विचारणं' हेच नाव पडलं आहे. बनावट चित्रांत बोटं मोजा, सावल्या बघा या युक्त्या एआय सुधारत जाईल तशा निकामी होतील. हे चित्र पहिल्यांदा कुणी टाकलं, दुसरीकडे कुठे आहे, हा प्रश्न मात्र टिकेल. म्हणून माझ्या मते मुलांना एकच सवय लावायला मिळाली, तर ती हीच लावावी.

छळाबद्दल बोलताना तुम्ही छळणारा आणि छळ सोसणारा या दोघांवर न थांबता गप्प बसणाऱ्यांकडे वळलात. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेतला छळ थांबवण्यासाठी उभा केलेला 'किवा' कार्यक्रम याच बघ्यांच्या वागण्यावर आधारलेला आहे, हे मला तुमच्याकडून कळलं. वर्गात आम्ही एक प्रसंग घेतला: फोनवरच्या मेसेजच्या गटात कुणीतरी वर्गमित्राच्या फोटोचं स्टिकर करून टाकलं आहे. तुम्ही काय कराल? भांडण ओढवून घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि ते साहजिकच आहे. शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मी गटात काही लिहिणार नाही, पण त्याला वेगळा मेसेज करीन, की मला ते आवडलं नाही, तू ठीक आहेस ना?" तिच्यानंतर चार-पाच हात वर आले. इतकं आपल्यालाही जमेल, हे त्यांना तिच्या तोंडून ऐकायला मिळालं.

मॅडम, सगळ्यात मोठे आभार मात्र तुम्ही आमच्याकडून घोटवून घेतलेल्या पहिल्या वाक्याबद्दल. मूल येऊन सांगतं, "मी एकाला फोटो पाठवला आणि आता तो धमकी देतोय." त्या क्षणी शिक्षकाच्या तोंडून पहिलं काय निघतं? 'पाठवलासच कशाला' हे अगदी ओठांवर असतं, आणि ते ऐकलं की मूल पुढचं सांगतच नाही. तुम्ही आम्हाला जोड्या करून समोरासमोर बसवलंत आणि जीभ वळेपर्यंत म्हणायला लावलंत: "तू सांगितलंस, हे फार बरं केलंस. आता आपण मिळून बघू." त्याच्या पुढच्या पायऱ्याही तुम्ही सोडल्या नाहीत. पैसे द्यायचे नाहीत, आणखी काही पाठवायचं नाही. घाबरून संभाषण पुसून टाकायचं नाही. खातं कुठलं, केव्हा काय लिहिलं, याची नोंद ठेवायची, आणि मुलांच्या संरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवायचं. आणि मुलाचा तसा फोटो शिक्षकाने पुरावा म्हणूनसुद्धा स्वतःच्या फोनवर घ्यायचा नाही, कुणाला पुढे पाठवायचा नाही. ही शेवटची गोष्ट आमच्यापैकी बहुतेकांना कुणीच कधी सांगितली नव्हती. चांगल्या हेतूने केलेल्या त्या एका कृतीने मुलाचं किती नुकसान होऊ शकतं, हे तुम्ही न घाबरवता समजावलंत.

पालकसभेसाठी तुम्ही दिलेला आधारही कामी आला. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये डिजिटल जगातल्या मुलांच्या हक्कांवर २५ वी सर्वसाधारण टिप्पणी, म्हणजे हक्कांचा अर्थ उलगडणारं मार्गदर्शन, काढली. तिच्यात संरक्षणाबरोबर माहिती मिळवण्याचा, मत मांडण्याचा आणि खासगीपणाचाही हक्क आहे. फोन काढून घेतला की प्रश्न मिटला, असं मानणाऱ्या पालकांशी बोलायला त्यामुळे मला जागा मिळाली.

आणि तुम्ही नंतरही येत राहिलात. ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात दाखवलं होतं की नुसत्या प्रशिक्षणातून वर्गापर्यंत फार थोडं पोचतं, सोबत कुणी राहिलं तर पोचतं. तुम्ही मागच्या बाकावर बसून तास बघितलात, आणि तास संपल्यावर माझ्या शिकवण्याबद्दल काही न बोलता "आज मुलं काय म्हणाली?" एवढंच विचारलंत. मी भाषा शिकवते. हा विषय संगणकाच्या तासाचा नाही, माझाही आहे, ही खात्री मला त्या प्रश्नाने दिली.

आता आम्हीच शिक्षकांची नवी तुकडी घेतो आहोत. तुमचे सरावाचे प्रसंग वापरणार आहोत, तुमच्या नावासह. त्यांत दोन नवे घातले आहेत: एक आवाजाची नक्कल करून केलेल्या फोनचा, दुसरा पालकांनीच मुलाला न विचारता टाकलेल्या त्याच्या फोटोचा. दुसऱ्यात पहिलं वाक्य काय असावं, यावर आमचं अजून एकमत होत नाही. दोन्ही कागद सोबत पाठवते आहे. सवडीने नजरेखालून घालून काय वाटतं ते कळवाल का?

आपली कृतज्ञ,
तुमच्या पहिल्या तुकडीतली एक भाषाशिक्षिका