मशीनच्या पोटाखालचं गवत

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

माझ्या सीटवर बसून चालवायच्या गवत कापणीच्या मशीनच्या डेकला, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या झाकणाला, आतून गवताचा थर बसतो, त्यावर परवा फोनवर तुम्ही दोन उपाय सांगितलेत. डेकला आतून जुनं इंजिन ऑइल फासायचं आणि काम झालं की पाइप लावून धुऊन काढायचं. मी नुसतं हं हं करत राहिले, कारण शेजारी ब्लोअर चालू होता आणि धड ऐकूही येत नव्हतं. आता बसून सविस्तर लिहिते. दोन्ही उपाय मला पटलेले नाहीत. पण तुमचा जन्म मशीनींत गेलेला, नुसतं ‘नको’ म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही, म्हणून कारणांसकट लिहिते.

हे मशीन तुम्ही फक्त व्हिडिओत पाहिलंय, तेही वरून. सगळा खेळ सीटच्या खाली आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये पत्र्याचा खोलगट डेक टांगलेला असतो. माझा ४२ इंची आहे, त्यात दोन पाती. पात्याच्या टोकाला पुढच्या बाजूने धार असते आणि मागची कड वर वळवलेली असते. ही वळलेली कड म्हणजे पंखाच. ती खालून हवा ओढते, त्या ओढीने आडवं पडलेलं गवत उभं राहतं, मग धार ते कापते आणि तीच हवा कापलेलं गवत डेकमधून फिरवत बाजूच्या तोंडातून बाहेर फेकते. वेग किती, तर अमेरिकी सुरक्षा मानकात पात्याच्या टोकाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा घातलेली आहे. म्हणजे ताशी जवळजवळ ३५० किलोमीटर!

या वेगाने ओलं गवत पत्र्यावर आदळलं की त्याचा रस निघतो. ताज्या गवतात वजनाच्या पाऊण हिश्शाहून जास्त पाणीच असतं. रस आणि बारीक भुसा पत्र्याला चिकटतो, वाळतो आणि खडबडीत होतो. मग त्या खडबडीत थराला पुढचं गवत आणखी सहज धरून बसतं. भिंतीवर लिंपण चढावं तसा थर वाढत जातो. थर वाढला की आतली जागा कमी, जागा कमी झाली की हवेचा झोत ढिला, आणि झोत ढिला पडला की गवत बाहेर पडायच्या ऐवजी आतच घुटमळतं आणि अजून चिकटतं. तुम्ही विचारत होता ना, लॉनवर मधूनमधून हिरवे गोळे का पडलेत? ते हेच. सोबत कापणी वरखाली होते, इंजिन कण्हायला लागतं आणि पेट्रोल जास्त जातं.

थर खरवडताना मला सगळ्यात वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. वरचा पापुद्रा राखाडी, कडक, पटाशीने टक् करून निघतो. वाटतं, वाळलंय सगळं. पण त्याच्या आत काळपट हिरवा लगदा असतो, ओलाच, आंबूस वासाचा, बोटाला लागला की धुतल्यावरही वास जात नाही. आणि तो लगदा काढला की खाली रंगाला बारीक फोड आलेले दिसतात. फोड नखाने फोडला तर आत तांबूस गंज. म्हणजे बाहेरून कोरडं दिसत असलं, तरी पत्रा आठवडेच्या आठवडे ओल्या पोटिसात गुंडाळलेला असतो. डेक सडतात ते असे.

आता तुमच्या पाण्याकडे येते. बऱ्याच डेकांना वरच्या बाजूला पाइप जोडायला एक तोंड दिलेलं असतं. पाइप लावा, पाणी सोडा, पाती चालू करा, आत धुऊन निघेल असं सांगतात. निघतं, पण अर्धंच. पात्याने उडवलेलं पाणी जिथे आदळतं ती कड स्वच्छ होते. कोपरे, आतल्या आडव्या पट्ट्यांच्या मागची जागा, दोन पात्यांच्या मधला पुढचा भाग, तिथलं तिथेच राहतं, आणि आता ते नुसतं चिकटलेलं नाही तर भिजलेलंही असतं. तसंच मशीन शेडमध्ये लावलं तर गंजाला आमंत्रणच. शिवाय पात्यांच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे पाती ज्यावर फिरतात त्या दांड्यांत, बेअरिंग आहेत, तिथे रोज पाणी गेलेलं तुम्हालाच आवडणार नाही. म्हणून धुवायचंच तर कापणी संपल्या संपल्या, गवत ओलं आणि मऊ असतानाच, आणि त्यानंतर पाती काही मिनिटं नुसती फिरवून पाणी झटकून टाकायचं. प्रेशर वॉशर तर मी डेकच्या जवळही आणू देत नाही. त्याचा झोत बेअरिंगच्या सीलमधून आणि पाती जोडणाऱ्या विजेच्या क्लचमध्ये पाणी घुसवतो.

आणि ऑइल. जुनं ऑइल चिकट असतं, त्यावर भुसा आणि धूळ उलट जास्त बसते. जे ऑइल पत्र्यावर टिकत नाही ते थेंब थेंब लॉनवर गळतं आणि तिथलं गवत मरतं. त्यापेक्षा सिलिकॉनचा स्प्रे किंवा सुकल्यावर कोरडा राहणारा ग्रॅफाइटचा लेप बरा. पण तोही घासून साफ केलेल्या, पूर्ण कोरड्या पत्र्यावरच टिकतो. पात्याच्या फेऱ्यात वाळू आणि गवत सतत घासत असल्यामुळे तिथला लेप काही कापण्यांतच उडतो. डब्यावर मोठमोठे दावे छापलेले असतात, ते मी मनावर घेत नाही. खरा उपयोग गुळगुळीत रंगाचा. जिथे पत्रा गुळगुळीत, तिथे थर हाताने सुटतो. जिथे गंज आणि खाचा, तिथे कोणताही स्प्रे मारा, गवत पकडून बसणारच. म्हणून हंगाम संपला की डेक पूर्ण उतरवून तारेच्या ब्रशने घासायचा, प्रायमर द्यायचा आणि वर चांगला एनॅमल रंग. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरं काही इतकं टिकत नाही.

मात्र थर मुळात कमी बसावा हे कापणाऱ्याच्या हातात आहे. दव पूर्ण वाळल्याशिवाय मी मशीन बाहेर काढत नाही, लोक कितीही सकाळी सकाळी बोलावोत. दुसरं, गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एका वेळी कापायचा नाही. गवत फारच वाढलं असेल तर आधी डेक उंच ठेवून एकदा फिरवायचं आणि काही दिवसांनी खाली घेऊन पुन्हा. तिसरी गोष्ट नवीन माणसं हमखास उलटी करतात. इंजिन वाचवायचं म्हणून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग, अर्धा ठेवतात आणि गाडी मात्र दामटतात. थ्रॉटल पूर्ण हवा, कारण पाती जोरात फिरली तरच हवा जोरात वाहते. सावकाश जायचं ते चाकांनी. फेकायचं तोंड कापून झालेल्या बाजूला ठेवायचं, नाहीतर तेच गवत पुन्हा डेकमध्ये येतं. तोंड बंद करून गवताचा आतच बारीक चुरा करणारी झाकणं मिळतात. लॉनला ती चांगली, खत आपोआप मिळतं, पण गवत आत जास्त वेळ फिरत राहतं म्हणून थरही जास्त बसतो. ओल्या दिवसांत मी ते झाकण काढूनच ठेवते.

खरवडायचं कसं हे आईला वाचून दाखवू नका, ती घाबरेल. किल्ली काढून खिशात, स्पार्क प्लगची वायर सोडवलेली, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना ठोकळे. मशीन पुढून जॅकने उचलायचं, पण नुसत्या जॅकवर सोडून खाली हात घालायचा नाही, खाली टेकूच्या लोखंडी घोड्या लावायच्याच. हातात जाड हातमोजे. आणि खरवडायला प्लॅस्टिकची किंवा लाकडाची पट्टी, लोखंडी पटाशी फक्त दगड झालेल्या जागी आणि तीही बोथट. धारदार पटाशीने रंगाचे ओरखडे निघतात आणि पुढच्या वेळी गवत नेमकं त्या ओरखड्यांत बसतं. थर पातळ असताना दर कापणीनंतर हे चटकन उरकतं. साचू दिलं की अर्धा दिवस जातो.

एक जागा सगळेच विसरतात, डेकची वरची बाजू. पाती फिरवणाऱ्या पट्ट्याच्या झाकणाखाली, पुलीभोवती कोरडा भुसा साठतो. तो सायलेन्सरपर्यंत पोचला तर पेट घेऊ शकतो. तिथे पाण्याचं काम नाही, ब्लोअरने उडवून टाकायचं. फोनवर तुम्ही ऐकलात तो आवाज त्याचाच होता.

बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि मग रस जास्त निघतो, म्हणजे पुन्हा थर. तेव्हा या वेळी डेक उतरवला की पातीही काढून मीच धार लावणार आहे. मूळचा कोन बदलायचा नाही आणि दोन्ही टोकं सारखी घासून तोल सांभाळायचा, एवढं माहीत आहे. पण ग्राइंडरवर पातं तापून निळं पडू नये म्हणून तुम्ही काय करत होता? नुसतं थांबून थांबून घासत होता की मध्ये पाण्यात बुडवत होता? पुढच्या फोनवर सांगा. मी त्या वेळी ब्लोअर बंद ठेवीन.

आईला नमस्कार. दादाला सांगा, त्याचं पत्र मिळालं, उत्तर याच आठवड्यात पाठवते.

तुमची,
धाकटी