तलवार गेली, दांडीचे काय?

महोदय,

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश ग्रंथालयातील, २०२४ मध्ये चर्चेत आलेल्या न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि तिच्या हाती तलवारीऐवजी संविधान आहे. या बदलाचे स्वागत करणाऱ्या लेखनात, न्याय बळावर नव्हे तर विवेकावर उभा असतो, हे बहुधा गृहीत धरलेले असते. मला ते पटत नाही.

१९३२ च्या जुलैमध्ये आइन्स्टाइन यांनी युद्ध टाळण्याच्या उपायांविषयी मनोविश्लेषक फ्रॉइड यांना पत्र लिहिले. देशांनी आपले वाद एका सर्वमान्य न्यायपीठाकडे न्यावेत, असे सुचवतानाच त्यांनी हेही मान्य केले होते की, निकाल अमलात आणण्याचे बळ नसलेले न्यायपीठ बाहेरच्या दडपणाखाली वाकते. सप्टेंबरमध्ये व्हिएन्नाहून उत्तर देताना फ्रॉइड यांनी आधी शब्दच बदलून मागितला : ‘सत्ता’ नको, ‘हिंसा’ म्हणू. दांडगटाच्या बळापुढे अनेक दुबळे एकत्र आले आणि त्यांच्या एकजुटीचे बळ म्हणजेच कायदा झाला, अशी त्यांची मांडणी होती. म्हणजे हिंसा संपली नाही, ती एकाच्या हातून समूहाच्या हाती गेली. तिचा काही भाग आत वळून आपल्याच मनात सदसद्विवेक म्हणून बसतो, हेही त्यांनी त्याच पत्रात लिहिले आहे. तेव्हा ज्या विवेकाच्या भरवशावर आपण तलवार काढली, तोही त्याच घराण्यातला.

मात्र त्या पत्रातला मला अधिक मोलाचा वाटणारा मुद्दा पुढेच आहे. एकत्र आलेली माणसे मुळात समान नसतात, जेते आणि जित, मालक आणि गुलाम अशीच ती असतात, आणि कायदे वरचढांच्या सोयीने होतात. शाळेत अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवल्यामुळे मला येथे तराजूच आठवतो. त्याच्या दांडीची एक भुजा दुसरीपेक्षा शेकडा एकने लांब असेल, तर किलोभर डाळ लांब भुजेच्या पारड्यात १०१० ग्रॅम भरते आणि आखूड भुजेच्या पारड्यात ९९०. गंमत अशी की, आखूड बाजूचे पारडे थोडे जड केले की रिकामा तराजू अगदी सरळ राहतो, म्हणून नुसता काटा पाहून खोट कळत नाही. माल आणि वजने यांची पारडी आपसांत बदलली तरच ती उघडी पडते. उसाच्या हंगामात ‘काटा मारला’ हे शब्द ऐकलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

कागदावरचा कायदा हा असा रिकामा तराजू असतो. जामिनाची एकच रक्कम बागायतदाराला आणि रोजंदारीवरच्या मजुराला लावून पाहावी : एक जण संध्याकाळी घरी जेवायला बसतो, दुसरा हमीदार मिळेपर्यंत कोठडीत राहतो. मूर्तीच्या हातातून तलवार गेल्याने या मजुराच्या वाटची सक्ती तसूभरही कमी झालेली नाही. फ्रॉइड यांच्याच म्हणण्याप्रमाणे विषम न्यायाकडून सम न्यायाकडे जाण्याचा रेटा दडपलेल्यांकडून येतो, आणि पारडी बदलून दाखवा, असे काउंटरच्या अलीकडून म्हणणारे गिऱ्हाईकही तेच असते.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा