गोळी एका दिवसात सोडवू नका

संपादक महोदय,
स. न.

कालच्या अंकात व्यसनमुक्ती फेरीची बातमी वाचली. फेरी निघाली, पोरांनी शपथ घेतली, चांगलेच झाले. पण ‘मनात आणले तर नशा आज, या क्षणी सुटते’ हे प्रमुख पाहुण्यांचे वाक्य तुम्ही चौकट करून ठळक छापले, त्याचा मला संताप आला आहे.

माझ्या भाच्याला कुत्ता गोळीचे व्यसन लागले होते. म्हणजे अल्प्राझोलम, डॉक्टर चिंता-घबराटीवर देतात ते औषध. घरात कळले तेव्हा दाजींना असाच सल्ला मिळाला : कोंडून ठेवा, आपोआप ताळ्यावर येईल. सोडायचीच म्हणून पोरगा स्वतःच्या पायांनी खोलीत गेला. रात्रभर झोप नाही, हातपाय थरथरताहेत, घामाने अंथरूण ओले. शेजारी म्हणाले, नाटकं करतोय. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याला झटका आला, दातखिळी बसली. शुद्धीवर येतो न येतो तोच दुसरा. बहिणीचा फोन आला. “भाऊ, मना पोऱ्याले काय व्हयनं रे?” एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. आम्ही पोहोचलो तेव्हा बाहेरची बाधा म्हणून कोणीतरी त्याच्यावरून लिंबू उतरवत होते.

धुळ्याला दवाखान्यात नेले म्हणून तो वाचला. डॉक्टरांनी समजावले, की ही गोळी मेंदूला शांत ठेवते आणि रोज घेतली की मेंदू तिच्याच आधारावर चालू लागतो. ती एकदम तोडली तर झटके येतात, जीवही जाऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तरी हाच धोका असतो. म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू उतरवायची. भाच्याची गोळी सुटायला काही महिने लागले. आज तो कामावर जातो. निर्धार तर त्याच्याकडे त्या खोलीतही होता, पाहुण्यांना हे कोणीतरी सांगा.

आणि ही गोळी येत होती कुठून? सातपुड्याच्या पायथ्याशी गांजा उपटल्याचे फोटो तुम्ही छापता, छापायलाच हवेत. पण भाच्याला पाकिटे मेडिकलवर मिळत होती, चिठ्ठीशिवाय. ही गोळी औषध नियमांच्या एच-१ परिशिष्टात, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीत येते. २०१४ पासून या यादीतल्या औषधांची विक्री वेगळ्या वहीत नोंदवावी लागते : रुग्ण कोण, डॉक्टर कोण, किती गोळ्या दिल्या. वही ३ वर्षे जपायची असते. आपल्या तालुक्यात ती कोण तपासते, याची बातमी तुमच्या वार्ताहराने एकदा तरी आणावी.

त्या चौकटीत १४४४६ हा क्रमांक छापला असता तर? व्यसनमुक्तीसाठीची ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. पोलिसांच्या भीतीने घरचे लपवून ठेवतात. पण थोड्या प्रमाणातल्या अंमली पदार्थासाठी पकडला गेलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यातले ६४-अ हे कलम त्यासाठीच आहे. आमच्या घरात हे कोणालाच माहीत नव्हते.

जाता जाता, त्याच बातमीच्या खाली पानमसाल्याच्या नावाने वेलचीची भलीमोठी जाहिरात होती; वेलची नावाला, डोळ्यांपुढे राहतो पानमसालाच. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी शाळेसमोरच्या टपरीवर पुड्या मिळतात. निदान व्यसनमुक्तीच्या बातमीखाली अशी जाहिरात लावू नका, ही विनंती.

— एक वाचक, शिरपूर, जि. धुळे
(भाच्यासाठी माझे नाव छापू नये.)