ड्रिपला नाही म्हणू नका, बाबा

पुणे, रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर नव्या औषधाच्या ड्रिपचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे आता, लई औषधं झाली." रात्रभर तेच डोक्यात होतं. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुमचा कंटाळा मला कळतो. आधी ६ महिने टीबीची औषधं घेतली आणि टीबी नव्हताच. मग बायोप्सी, सार्कॉयडोसिसचं निदान, स्टेरॉइड. गोळी ४० मिलिग्रॅमची होती तेव्हा रंकाळ्याला पूर्ण फेरी मारायचात. १५ च्या खाली आणली की खोकला परत. शुगर मात्र वाढलेलीच. जोडीच्या मेथोट्रेक्सेट या औषधालाही ८ महिने झाले. दिवाळीत आपल्या शाहूपुरीच्या घराचा जिना चढताना तुम्ही पाचव्या पायरीवर थांबलात, खिडकीतनं काहीतरी बघतोय असं दाखवलंत. खिडकी बंद होती, बाबा. मी मागेच होते.

डॉक्टर ड्रिपनं द्यायचं म्हणतात ते इन्फ्लिक्सिमॅब म्हणजे, या दोन्ही औषधांना दाद न देणाऱ्या सार्कॉयडोसिसची पुढची पायरी. या आजारात पेशी गोळा होऊन फुफ्फुसात बारीक गाठी धरतात. टीएनएफ नावाचं प्रथिन त्या गाठी टिकवतं, आणि हे औषध त्यालाच अडवतं. ड्रिपला साधारण २ तास लागतात. पहिल्या डोसनंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, पुढे ४ ते ८ आठवड्यांनी. चमत्कार होईल असं मी म्हणत नाही. २००६ साली १३८ रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात फुफ्फुसाच्या क्षमतेतली सरासरी वाढ थोडीच होती. पण ज्यांना धाप जास्त होती त्यांना फायदाही जास्त दिसला.

तुम्हाला भीती टीबीची आहे, आणि ती खरी आहे. टीबीचे जंतूही शरीर अशाच गाठींत कोंडून ठेवतं. टीएनएफ अडवलं की ते मोकळे होऊ शकतात. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी. लपलेला टीबी निघाला तर आधी त्याचं औषध, मग ड्रिप. हे झाल्याशिवाय मीच सुई लावू देणार नाही.

आई, शेजारच्या काकूंनी दिलेली डी-थ्रीची पुडी बाबांना देऊ नकोस. या गाठी स्वतःच व्हिटॅमिन डी नको तेवढं कामाला लावतात. रक्तात कॅल्शियम वाढलं की किडनीला त्रास. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. कालनिर्णयवर रविवारी कुंकवाचं बोट लावतेस ते चालू ठेव. आणि स्टेरॉइड मनानं बंद करू देऊ नकोस. इतके महिने घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं, एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.

उसाच्या बिलाची वाट बघू नका, पैसे मी बाजूला काढलेत. बुधवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघते. गुरुवारी तिघं मिळून तपासणीचं रक्त द्यायला जाऊ. जिन्यात थांबावंसं वाटलं तर थांबा, बाबा. मी खालच्या पायरीवर उभी राहीन.

तुमची,
ताई